ऐकणाऱ्याचे देणे

गाण्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. गवयांनी लिहिले, समीक्षकांनी लिहिले, ज्यांच्या घरी बुवा उतरत त्या घरच्या माणसांनीही लिहिले. मी यांपैकी कोणीच नाही. मी नुसता ऐकणारा. पेशाने शाळामास्तर, राहणार बेळगाव, आणि वयाच्या दहाव्या वर्षापासून आज पंच्याहत्तरीला टेकेपर्यंत जिथे सतरंजी अंथरली जाईल तिथे जाऊन बसणारा. किती मैफली ऐकल्या याची वही मी ठेवलेली नाही. परंतु या वयात माणूस आपल्या आयुष्याचा जमाखर्च मांडू लागतो. त्यात या हजारो तासांचे काय करायचे, ते जमेला धरायचे की खर्ची टाकायचे, हा प्रश्न अलीकडे माझी पाठ सोडत नाही.

प्रश्नाला दोन अंगे आहेत. पहिले माझ्या नातवाने पुढे केले. "आजोबा, हे सगळं आता फोनवर मिळतं. मग तुम्ही रात्र रात्र जागून, एस्टीचे धक्के खात कशाला जात होता?" दुसरे अंग कोणी बोलून दाखवले नाही, ते माझे मीच काढले. इतके गाणे ऐकून माणूस माणूस म्हणून काही बरा होतो काय? संगीत मनाला उन्नत करते, हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक सत्काराच्या भाषणात असते. नारळ आणि शाल यांच्याइतकेच ते ठरलेले. पण ते खरे आहे का, हे एकदा उजेडात धरून पाहावे असे वाटते.

आमच्या मुलखातल्या माणसाला गाणे शोधत लांब जावे लागले नाही. मिरजेपासून बेळगाव, धारवाड, हुबळी करत कुंदगोळपर्यंत रेल्वेच्या रुळांच्या कडेकडेने जणू गाणेच पेरलेले आहे. अब्दुल करीम खाँसाहेब उत्तरेतल्या कैरान्याचे, पण राहिले मिरजेत. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात एका लहानशा रेल्वे स्थानकावर त्यांनी प्राण सोडला आणि दफन झाले ते मिरजेच्या दर्ग्यात. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, हुबळीजवळच्या कुंदगोळचे. त्यांच्याकडे शिकायला गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने जात. गदगचे भीमसेन जोशी त्यांच्याच पायाशी बसले. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूर गावचे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या सुळेभावीचा. पुढे ते मुंबईत देवधर मास्तरांकडे वाढले आणि क्षयाच्या दुखण्यामुळे माळव्यात देवासला जाऊन राहिले. मराठी रंगभूमीवर संगीत नाटकाची घडी बसवणारे अण्णासाहेब किर्लोस्करही आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. एवढी नावे घेतली ती अभिमान मिरवण्यासाठी नव्हे. माझ्यासारख्या चार आकडी पगाराच्याही आत वाढलेल्या माणसाला हे गाणे सहज मिळत गेले, ते का, हे कळावे म्हणून.

आता नातवाचा प्रश्न. ध्वनिमुद्रणाला मी कमी लेखत नाही. खाँसाहेबांना मी ऐकले ते तबकडीवरच, कारण ते गेले तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. त्या जुन्या तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांत संपे. तीन मिनिटांत राग उभा करायचा म्हणजे पोस्टकार्डावर कादंबरी लिहिण्यासारखे. त्यांनी ते केले, आणि आपण त्यांचे ऋणी आहोत. केसरबाई केरकरांचे उदाहरण तर याहून नवलाचे. गोव्यातल्या केरी गावच्या या बाई ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत कमालीच्या चोखंदळ. अमेरिकेने १९७७ साली अंतराळात दोन व्हॉयेजर याने सोडली, त्यांच्यावरच्या सोनेरी तबकडीत भैरवीतली त्यांची सुमारे साडेतीन मिनिटांची बंदिश आहे. पहिले व्हॉयेजर ५ सप्टेंबरला सुटले आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. २०१२ साली ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राच्याही बाहेर पडले. म्हणजे आवाज ताऱ्यांकडे निघाला आहे, आणि ज्यांनी त्यांना समोर बसून ऐकले अशी माणसे पृथ्वीवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली असतील. आवाज राहिला हे खरेच. मग गेले ते काय?

माझ्या मते जे गेले ते बिघडण्याची शक्यता. समोर चाललेले गाणे बिघडू शकते. कित्येक वर्षांपूर्वी एका वृद्ध गवयाला मी एका वाड्यात ऐकले. पहिली चाळीस मिनिटे त्यांचा आवाज लागेना. षड्जावर स्वर हलत होता, तानपुरे दोनदा पुन्हा लावून झाले, तबलजी खाली मान घालून ठेका धरून होता. सत्तरऐंशी माणसे बसलेली. कोणी उठले नाही, कोणी कुजबुजले नाही, कोणी खोटी दादही दिली नाही. सगळे वाट पाहत राहिले. आणि मग कुठेतरी मंद्रात तो आवाज सापडला. पुढचे दोन तास काय झाले ते मला लिहिता येणार नाही. हीच मैफल तबकडीवर काढायची तर पहिली चाळीस मिनिटे कापून टाकतील, आणि कापणाऱ्याचे काही चुकलेही म्हणता येणार नाही. परंतु त्या चाळीस मिनिटांतच श्रोत्यांचे काम होते. आपण थांबलो म्हणून त्या माणसाला शोधायला अवकाश मिळाला. तबकडी ऐकताना आपण काही देत नाही. नकोसे वाटले की सुई उचलतो, आता तर बोटाने सरकवतो. समोर बसलेला श्रोता आपल्या आयुष्यातला परत न मिळणारा वेळ गाणाऱ्याच्या स्वाधीन करतो. विलंबित एकतालाचे एक आवर्तन कधी कधी मिनिटभर चालते. त्या मिनिटात तुम्ही समेची वाट पाहण्याखेरीज काही करू शकत नाही. दुसऱ्याच्या गतीने जगण्याची ही शिस्त मला कुठल्या पुस्तकातून मिळाली नसती.

म्हणून नातवाला मी म्हटले, "बाळा, फोनवर गाणं मिळतं. वाट पाहणं मिळत नाही." तो हसला. त्याला ते पटले असे मी म्हणणार नाही.

रात्रभराच्या बैठकी आता दुर्मीळ झाल्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी केली आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. सणासमारंभाच्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळते एवढेच. मोठमोठे महोत्सव त्यामुळे दहाच्या आत आटपू लागले. मध्यरात्रीनंतरचे राग, पहाटेचा ललत, सकाळची तोडी, हे आता वेळेवर ऐकायला मिळणे कठीण. पुष्कळ रसिक या नियमावर चिडतात. मला मात्र त्यांच्या बाजूने बोलवत नाही. मांडवाशेजारच्या घरात एखादा आजारी माणूस असतो, परीक्षेचा मुलगा असतो, पहाटे पाच वाजता कामावर जाणारी बाई असते. माझ्या मालकंसाला त्यांच्या झोपेवर हक्क कोणी दिला? आणि एक गोष्ट विसरू नये. नियम ध्वनिक्षेपकासाठी आहे. भिंतीआड, शंभर माणसांत, कर्ण्याशिवाय गाणे चालले तर आजही कोणाची झोप मोडत नाही. गाणे मोठे झाले की आवाज मोठा झाला, हा हिशेब आपणच तपासायला हवा.

येथून मी दुसऱ्या, अवघड प्रश्नाकडे येतो.

गंगूबाई हनगलांनी आपल्या लहानपणची एक आठवण सांगितली होती. धारवाडला शेजारच्या सधन घरच्या बागेतले आंबे त्यांनी काढले. घरची माणसे संतापली ती चोरीबद्दल नव्हे. गाणारणीची पोर आपल्या बागेत शिरली याबद्दल. पुढे त्यांचे नाव झाले, तेव्हा तशाच घरांतून त्यांना मानाने बोलावणी येऊ लागली. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला प्रश्न पडला की त्या बागेच्या मालकाला गाणे आवडत नसेल काय? नक्की आवडत असेल. तो काळच तसा होता. घरोघर मैफली होत, बिदागी दिली जाई, दादही मनापासून असे. आवाजाला आत घेत. माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवत. गोव्यातल्या कलावंतिणींच्या घरांतून आलेल्या थोर गायिकांनी हेच सोसले. म्हणजे गाण्याने डोळ्यांत पाणी आणले, पण त्याच डोळ्यांना समोरची बाई दिसली नाही.

फार लांब कशाला जा? माझी एक आत्या होती. तिच्या सासरी वर्षाकाठी दोनतीन बैठकी होत. रात्री दोन वाजता पन्नास माणसांची कॉफी करायची ती तिने. बैठकीच्या खोलीत ती कधी बसलेली मी पाहिली नाही. माजघराच्या दाराशी उभी राहून, हातात गाळणे धरून ती ऐके. एकदा मला म्हणाली, "आता बघ, पेटीवाल्याला कळलं नाही, पण बुवा धैवतावर रेंगाळायला लागलेत. राग बदलणार." आणि तसेच झाले. बाहेर लोडाला टेकून माना डोलावणाऱ्यांत तिच्याइतका जाणता कान दोघातिघांना असेल नसेल. ती सगळी सज्जन माणसे होती. गाण्यात बुडून जात. पण 'वहिनी, तुम्हीही बाहेर येऊन बसा' असे त्यांच्यातल्या एकाच्याही तोंडून निघाले नाही. तिनेही कधी तक्रार केली नाही. ती जाऊन आता तीस वर्षे झाली.

तेव्हा सत्काराच्या भाषणातले ते वाक्य मी आता मानत नाही. गाणे माणसाला आपोआप चांगले करत नाही. गाणे ऐकून दाटून येणारा कढ हा बराचसा स्वतःविषयीचा असतो. आपल्याला इतके हळवे होता येते याचेच आपल्याला कौतुक वाटते. तो कढ मैफलीबाहेर जोडे घालताना ओसरतो, आणि घरी गेल्यावर माणूस होता तसाच राहतो. क्रूर माणसेही उत्तम दाद देतात, याला इतिहास साक्षी आहे.

मग गाण्याचा नैतिक उपयोग काहीच नाही काय? इथे मला आमच्या सीमाभागातला अनुभव सांगावासा वाटतो, कारण तो मला अर्धे उत्तर देतो.

माझे एक शेजारी पोस्टात होते. कन्नड घरचे, मूळ धारवाडकडचे. मी त्यांना अण्णा म्हणे, ते मला मास्तर. त्यांचे मराठी कानडी हेलाचे आणि माझे कानडी बाजारापुरते. पण गाण्याला आम्ही बरोबर जात असू. समेवर त्यांच्या तोंडून 'भाळ छलो!' निघे, माझ्या तोंडून 'वा!' निघे, आणि दोन्हींत काही फरक नसे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्या तारखेला इथे एका बाजूने राज्योत्सव होतो आणि दुसऱ्या बाजूने काळा दिवस पाळला जातो, हे वाचकांना सांगायला नको. एका वर्षी आम्ही दोघांनी ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी गुडघ्याला गुडघा लावून मालकंस ऐकला. पुढच्याच आठवड्यात १ नोव्हेंबरला मी दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीत होतो, आणि अण्णा लाल-पिवळा शेला घालून मिरवणुकीत. एका चौकात समोरासमोर आलो. दोघांनीही एकमेकांना पाहिले. हाक कोणी मारली नाही. चौथ्या दिवशी ते दारात उभे. "काय मास्तर, रविवारी धारवाडला येणार न्हवं?" मी गेलो.

या गोष्टीचा मी गोड शेवट करणार नाही. अण्णांचे मत बदलले नाही, माझेही बदलले नाही. गाण्याने सीमाप्रश्न सुटत नाही, आणि तो गाण्याने सुटावा अशी अपेक्षा करणे ही दोन्ही बाजूंच्या लोकांच्या दुःखाची चेष्टा होईल. मुलाच्या शाळेची भाषा, सातबाऱ्याची भाषा, अर्ज कुठल्या भाषेत करायचा, हे खरे प्रश्न आहेत. पण एक गोष्ट झाली. 'ते लोक' हा शब्द माझ्या तोंडून पूर्वीसारखा निघेना. तो उच्चारायला गेले की अण्णांचा मांडीवर ताल धरलेला हात डोळ्यांपुढे येई. विरोध राहिला, परकेपणा राहिला नाही. आणि विरोध करताना समोर माणूस आहे हे विसरायचे नाही, एवढे जमले तरी सार्वजनिक जीवनात ती लहान गोष्ट नव्हे.

हे गाण्याने केले का? नुसत्या गाण्याने नाही. ते शेजारी बसण्याने केले, आणि शेजारी बसायला गाणे कारण झाले. फोनवर ऐकताना शेजारी कोणी नसते.

याच संदर्भात 'आमचे' या शब्दाचाही विचार व्हावा. भीमसेन आमचे की त्यांचे, कुमार आमचे की त्यांचे, हा वाद मी दोन्ही भाषांत ऐकला आहे. भीमसेनांची मातृभाषा कन्नड. त्यांनी गायिलेले अभंग मराठी घरांत पहाटे लागतात आणि पुरंदरदासांची पदे कन्नड घरांत. ज्या विठ्ठलाला आपल्या संतांनीच कानडा म्हटले, त्याच्यापुढे हा वाद घालायचा म्हणजे कठीणच. अल्लादिया खाँसाहेब राजस्थानातून आले आणि कोल्हापूर दरबारी राहिले. त्यांची गायकी मन्सूरअण्णांपर्यंत पोचली ती त्यांच्या मुलांकडून, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडून, आणि गोव्याच्या केसरबाई व मोगूबाई कुर्डीकरांकडे आली ती खुद्द त्यांच्याकडून. यात मालक कोण? राजस्थान, कोल्हापूर, धारवाड की गोवा? ज्याने शिकण्यासाठी आयुष्य दिले त्याच्याकडे ते गेले, आणि ज्याने ऐकण्यासाठी वेळ दिला त्याच्याकडे थोडे आले. मालकी म्हणून जर काही असेलच तर ती एवढीच.

गेली पाचसहा वर्षे माझे कान मंदावले आहेत. वयोमानाने आधी वरचे स्वर जातात म्हणतात. त्याचा अर्थ मला तानपुऱ्यापाशी कळला. जवारीतून वर उठणारे जे झिरमिरते स्वर असतात, ते मला ऐकू येईनासे झाले. खर्ज तेवढा येतो. कानातले यंत्र घेतले; ते बोलणे ऐकायला चांगले, पण गाण्यात पेटी बोचते आणि तानपुरा भांड्यासारखा वाजतो. म्हणून मैफलीत मी ते काढून खिशात ठेवतो. सुरुवातीला मोठे वाईट वाटले. ज्यासाठी आयुष्यभर जागलो तेच हातचे निघाले. पण विचार केल्यावर ध्यानात आले, की ऐकलेले गाणे माझ्याजवळ साठून राहिलेलेच नव्हते. मला आज एकही मैफल सलग आठवत नाही. एखादी जागा, एखादी तिहाई, कोणाचा तरी वर गेलेला हात, एवढेच. गाणे ही साठवण्याची वस्तू असती तर मी भिकारीच ठरलो असतो. राहिली ती सवय. कोणी बोलू लागले तर मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकावे, पहिल्या पाच मिनिटांत माणसाविषयी मत बनवू नये, आवाज लागेपर्यंत त्याला वेळ द्यावा. ही सवय मैफलीत आपोआप जडते. तिथून घरी, शाळेत, चावडीवर ती हाताने उचलून न्यावी लागते. आत्याच्या घरच्या मंडळींनी ती बैठकीतच ठेवली. अण्णांनी ती चौकापर्यंत आणली. फरक गाण्यात नव्हता, नेण्यात होता.

म्हणून मी हे तास जमेला धरत नाही आणि खर्चीही टाकत नाही. ते देणे आहे. ज्यांच्याकडून घेतले ते बहुतेक गेले. मन्सूरअण्णा आणि कुमार १९९२ साली गेले, गंगूबाई २००९ साली, भीमसेन २०११ साली, किशोरीताई २०१७ साली. त्यांना परत काही देता येत नाही. माझ्या आत्यालाही आता कोणी बाहेर येऊन बसा म्हणू शकत नाही. देणे फेडायचे ते पुढच्यांना.

ते कसे, तर अगदी साधे. तिकीट विकत घ्यावे, पास मागू नये. तबलजी आणि पेटीवाला यांची नावे माहीत करून घ्यावीत. चहा देणारी बाई ऐकते आहे असे दिसले तर तिला खुर्ची द्यावी. आणि वेळेवर जावे. आमच्याकडे कार्यक्रम साडेपाचला असला तर पहिल्यांदा एखाद्या नवख्या मुलीला किंवा मुलाला अर्धा तास देतात. त्या वेळी सभागृहात खुर्च्याच खुर्च्या असतात. जाणते लोक मुख्य कलाकारासाठी सात वाजता येतात. मी सव्वापाचला जाऊन दुसऱ्या रांगेत बसतो. मला पुरते ऐकू येत नाही. पण गाणाऱ्या मुलीने डोळे उघडले तर समोर कोणीतरी बसलेले तिला दिसते, आणि षड्ज लागेपर्यंत तो उठणार नाही हेही तिला दिसते.